बूमरँगला आवर्तन म्हणू नका

समाजमाध्यमांवर काहीही नवे अवतरले की आमच्या साहित्यवर्तुळात दोन गट पडतात. पहिला गट संस्कृती बुडाल्याची वार्ता देतो. दुसरा गट ती वस्तू आपल्याकडे पूर्वापार होतीच, असे सिद्ध करून दाखवतो. पहिल्या गटाशी आमचे फारसे भांडण नाही. तो कंटाळवाणा असला तरी निरुपद्रवी आहे. भांडण आहे ते दुसऱ्या गटाशी, कारण तो आमच्याच परिभाषेत बोलतो, आमच्याच वर्गांत शिकवतो आणि त्याची विधाने विद्यार्थ्यांच्या निबंधांतून पुन्हा आमच्याच टेबलावर येऊन पडतात.

प्रस्तुत निमित्त बूमरँगचे आहे. इन्स्टाग्रामने ऑक्टोबर २०१५ मध्ये या नावाचे एक स्वतंत्र ॲप आणले. त्याचे काम अगदी साधे. बटण दाबले की क्षणभरात छायाचित्रांची एक मालिका झपाट्याने टिपली जाते. ती जोडून आधी सुलट, मग उलट, पुन्हा सुलट, पुन्हा उलट अशी अखंड फिरवली जाते. आवाज नसतो. पेले एकमेकांना भिडतात आणि विलग होतात, उडी मारणारा हवेत जातो आणि जमिनीवर येतो, उधळलेली फुले ओंजळीत परततात. ते स्वतंत्र ॲप २०२२ मध्ये काढून घेण्यात आले. पण तोवर ही सोय इन्स्टाग्रामच्या कॅमेऱ्यातच सामावलेली होती आणि लग्नघरापासून महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनापर्यंत सर्वत्र रुळलेली होती.

या चित्रफितींविषयी जो युक्तिवाद वारंवार ऐकू येतो, त्याचा सारांश असा : पाश्चात्त्यांची कालकल्पना रेषीय, आपली चक्राकार, बूमरँग रेषीय काळाला नकार देते, म्हणून ते आपल्या आवर्तनशील परंपरेचे, म्हणजे अभंगातील ध्रुपदाचे, तालाच्या आवर्तनाचे आणि जात्यावरच्या ओवीचे डिजिटल रूप होय. ऐकायला हे भारदस्त वाटते. टाळ्याही पडतात. मात्र असे बोलणाऱ्याने ती चित्रफीत एकदा नीट पाहिली आहे काय, असा प्रश्न आम्हांला पडतो.

प्रथम तालाचा दाखला घेऊ. त्रितालात सोळाव्या मात्रेनंतर पहिली मात्रा येते, पंधरावी नव्हे. गायक समेवर परततो तो पुढे जात जात. परतताना त्याने घेतलेली तान पुसली जात नाही. उलट ती तान ऐकलेली आहे म्हणूनच पुढच्या समेला वेगळे वजन येते. ध्रुपदाचेही तेच. तेच शब्द पुन्हा येतात, पण मध्ये एक कडवे होऊन गेलेले असते आणि त्या कडव्याने ध्रुपदाचा अर्थ किंचित हलवलेला असतो. जाते तर एकाच जागी फिरते. पण त्याच्या कडेने पीठ पडते. बाईने रात्रभर उलटसुलट ओढूनही पीठाचे पुन्हा दाणे झाले, असे कोणा ओवीकर्त्रीने पाहिलेले नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही सोयीचे दाखले निवडता. मागेपुढे होणाऱ्या गोष्टीही आपल्याकडे आहेतच की. आहेत, आणि त्या आम्हांला प्रियही आहेत. झोपाळा मागेपुढे होतो. पाळणा होतो. मागावरचा धोटा तर दिवसभर येरझारा घालतो. परंतु धोटा परत येतो तेव्हा मागे सोडलेला धागा गुंडाळून घेत नाही. तो दुसरा धागा टाकतो, आणि कापड बोटभर वाढते. झोपाळा मागे येतो तो पुढचा झोका घेण्यासाठी. तेव्हा आमचा आक्षेप पुनरावृत्तीला नाही आणि येरझारेलाही नाही. एखादी गोष्ट पुन्हा करणे आणि केलेली गोष्ट न केलेली करणे, या दोन भिन्न क्रिया आहेत. आमची परंपरा पहिलीवर उभी आहे. बूमरँग दुसरी करते. या दोहोंना एकच नाव देणे ही समीक्षेतील ढिलाई आहे, आणि तिच्यावर परंपरेचे भगवे किंवा आधुनिकोत्तर कोणतेही वस्त्र पांघरले तरी ती झाकत नाही.

खुद्द नावानेही या मंडळींना सावध करायला हवे होते. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे परतणारे बूमरँग हवेत मोठा वळसा घेऊन फेकणाऱ्याकडे येते. गेल्या वाटेने पावलावर पाऊल टाकीत ते परत येत नाही. शिवाय शिकारीसाठी वापरली जाणारी कित्येक बूमरँगे परतण्यासाठी घडवलेलीच नसतात. म्हणजे ज्या वस्तूचे नाव घेतले, तिची गतीदेखील या चित्रफितीत नाही. नाव ठेवणाऱ्या कंपनीला याचे सोयरसुतक नसणे आम्ही समजू शकतो. शब्दांवर पोट भरणाऱ्या आम्हां लोकांना ते असायला हवे.

उलट वाचनाची परंपरा आपल्याकडे नाही काय? आहे, आणि ती फार मोठी आहे. सोळाव्या शतकात गोदावरीच्या परिसरातील पार्थपूर येथे, म्हणजे आजचे पाथरी मानले जाते तेथे, दैवज्ञ सूर्यपंडित होऊन गेला. ज्योतिषी आणि गणिती असलेल्या या माणसाने ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचले. त्यात श्लोकाचा पूर्वार्ध अक्षरशः उलटा वाचला की उत्तरार्ध तयार होतो. आणि सुलट वाचताना रामाचा विषय चालतो, तर उलट वाचताना कृष्णाचा. यातील कसरत कोणाला कृत्रिम वाटेल; अर्थासाठी ओढाताण आहे, हेही खरे. पण कवीची प्रतिज्ञा लक्षात घ्यावी. उलट फिरताना दुसरी कथा हाती लागली पाहिजे, ही ती प्रतिज्ञा. परतीच्या वाटेवर काही नवे गवसत नसेल, तर फिरण्याचे कष्ट कशाला? बूमरँगमध्ये परतीच्या वाटेवर काय गवसते? पेला ओठांपासून दूर जातो, एवढेच.

हाच निकष चित्रपटाला लावून पाहावा, म्हणजे आम्ही नव्या माध्यमाचे शत्रू आहोत हा गैरसमजही दूर होईल. ल्युमिएर बंधूंची १८९६ ची, भिंत पाडण्याची चित्रफीत प्रसिद्ध आहे. मजूर भिंत ढकलतात, भिंत कोसळते, धूळ उडते. हीच फीत उलटी फिरवून दाखवली गेली तेव्हा धुळीतून भिंत उठून उभी राहिली आणि प्रेक्षक चकित झाले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झालेल्या पहिल्या खेळाच्या यादीतही भिंत पाडण्याचे हे चित्र होते. झीगा व्हेर्तोव्हने ‘किनो-आय’ या १९२४ च्या चित्रपटात उलट गतीचा उपयोग विचारासाठी केला : बाजारातले मांस मागे मागे जात पुन्हा जिवंत बैल होते, आणि पाव मागे जात धान्यापर्यंत पोहोचतो. ताटातली वस्तू कोठून आली, कोणाच्या श्रमातून आली, हे दाखवण्यासाठी त्याने काळ उलटा फिरवला. ऑस्ट्रियाच्या मार्टिन अर्नोल्डने तर १९८९ च्या ‘पिएस तुशे’मध्ये नेमकी बूमरँगचीच क्रिया केली. १९५४ च्या एका अमेरिकी चित्रपटातील अवघ्या १८ सेकंदांचा तुकडा त्याने मागेपुढे, मागेपुढे करीत सुमारे १६ मिनिटांचा केला. खुर्चीत बसलेली बायको, दारातून येणारा नवरा, एक चुंबन, बस्स. पण त्या अडखळत्या येरझारेत घरगुती सौजन्याखाली दडलेली हिंसा बाहेर येते.

तेव्हा तंत्र दोषी नाही. या तिघांनी काळ कोठे उलटवायचा, किती उलटवायचा आणि का, याचा निर्णय घेतला होता. बूमरँगमध्ये तो निर्णय यंत्रात आधीच भरून ठेवलेला आहे. वाढदिवस असो, पालखी असो, पूर असो, वळण तेच आणि मात्रा तीच. जेथे निवड नाही तेथे शैली नाही, ही गोष्ट आम्ही प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगतो. मग चर्चासत्राच्या मंचावर ती का विसरतो?

‘अहो, हा तर निव्वळ खेळ आहे, त्याला एवढे तत्त्वज्ञान कशाला?’ असा प्रतिप्रश्न येतो. खेळाला आमची ना नाही. लहान मूल दिव्याचे बटण दहा वेळा चालू-बंद करते आणि आम्हीही ते कौतुकाने पाहतो. पण ज्यांनी परंपरेचा शिक्का मारून या खेळाला तत्त्वज्ञान बहाल केले, त्यांनीच मग ‘खेळ’ म्हणून आडोसा घेऊ नये. शिवाय हा खेळ कोठे खेळला जातो, तेही पाहावे. लग्नात अंतरपाट दूर होतो. त्या विधीचा सारा अर्थ तो एकदाच दूर होण्यात आहे. त्यापूर्वीची दोन माणसे आणि त्यानंतरची दोन माणसे एक नसतात. चित्रफितीत अंतरपाट सरतो आणि पुन्हा आड येतो, सरतो आणि पुन्हा आड येतो. अक्षता डोक्यावरून उडून पाहुण्यांच्या मुठीत परत जातात. मराठीत ‘अंतरपाट दूर झाला’ या वाक्यातील ‘झाला’ हे क्रियापद सगळा भार वाहते. बूमरँगला ‘झाला’ म्हणता येत नाही. ‘होत असतो’ एवढेच त्याला म्हणता येते. एकदाच घडलेल्या गोष्टीला नित्य घडणाऱ्या गोष्टीचे रूप द्यायचे आणि तिचा परिणाम तेवढा कापून टाकायचा, हे त्याचे व्याकरण आहे.

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारी एक छोटी फीत केली होती. दिवसामागून दिवस कॅमेरा त्याच कुंडीसमोर, आणि पडद्यावर पाहता पाहता बीजाचे रोप होते. काळाशी खेळच तोही. पण त्या खेळात वाट पाहणे होते, आणि शेवटी रोप होते. त्या रोपाला पुन्हा बीजात ढकलून पुन्हा उगवायला लावणारी फीत डोळ्यांसमोर आणावी. वाढ हा शब्द तिला लावता येईल काय?

हे सारे आम्ही केवळ सिद्धान्ताच्या हौसेने लिहीत नाही. आमच्या विभागातील एका ज्येष्ठ प्राध्यापकांचा निरोपसमारंभ काही वर्षांपूर्वी झाला. ते जवळजवळ पाऊण तास बोलले. भाषणाच्या आरंभी त्यांनी समई लावली होती. आम्ही सगळेच तेव्हा मोबाईल उंचावून उभे होतो आणि आमच्यातल्या कित्येकांनी तोच क्षण बूमरँगमध्ये टिपला. त्यावर हसलोही, कारण सर ज्योत लावीत आणि लगेच काढून घेत, असे दिसत होते. स्वतः सरही पाहून हसले. पुढे सर गेले. शोकसभेच्या आदल्या रात्री त्यांचा आवाज ऐकवावा म्हणून आम्ही एकमेकांचे मोबाईल शोधले. छायाचित्रे पुष्कळ निघाली. हलणारे असे जे निघाले ते सगळे समईचे, आणि सगळे मुके. त्या पाऊण तासातील एकही वाक्य आमच्यापैकी कोणाजवळ नव्हते. त्यांनी त्या दिवशी अध्यापनाविषयी एक गोष्ट सांगितली होती, एवढे सर्वांना आठवत होते. ती कोणती, यावर दोघांचे एकमत होईना.

यात यंत्राचा दोष नाही. आम्ही ते निवडले होते. आणि ते निवडताना मनात कोठेतरी हेच अर्धेमुर्धे तत्त्वज्ञान होते, की हेही स्मरणच आहे, आपल्या पद्धतीचे, आवर्तनाचे. ते स्मरण नव्हते. स्मरणाला घडून गेलेली गोष्ट लागते.

म्हणून आमचे म्हणणे मर्यादित आहे. बूमरँग जरूर करावे. त्याचा अभ्यासही करावा. तो अभ्यासाचा विषय आहे याविषयी आम्हांला शंका नाही. पण अभ्यास करताना समोर दिसते त्याचे वर्णन आधी करावे आणि परंपरेतली उसनी प्रतिष्ठा त्याला बहाल करण्याची घाई करू नये. वर्गात अशी एखादी चित्रफीत दाखवावी आणि विद्यार्थ्यांना तिच्यावर भूतकाळातील तीन वाक्ये लिहायला सांगावे. तिसऱ्या वाक्याशी ते अडतील. ते का अडले, यावर उरलेला तास बोलता येईल.

आणि निरोपसमारंभात कोणा एकाला तरी मोबाईल आडवा धरून, आवाजासकट, शेवटपर्यंत बसायला सांगावे. त्यात पाणी पिण्यासाठी घेतलेला विराम येईल, माईकची खरखर येईल, मागल्या बाकावरचे बोलणे येईल. येऊ द्यावे.