फुलं गळाली... झाड नाही!

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. ओरल्सचे दिवस होते. ऑडिटोरियमच्या मागे, जिथे मांडवाचे बांबू आणि फाटके बॅनर टाकलेले असतात ना, तिथे कचऱ्यात ऑर्किडच्या चार कुंड्या आडव्या पडलेल्या दिसल्या. ओळखीच्याच होत्या! फेब्रुवारीत गॅदरिंगला प्रमुख पाहुण्यांच्या टेबलावर हीच झाडं ऐटीत उभी होती. मग महिना-दीड महिना ऑफिसात. आणि फुलं गळून नुसता दांडा उरला तशी थेट इथे. पानं अजून हिरवीगार होती हो!

मित्रहो, माझं म्हणणं सरळ आहे. फुलं गळलेलं ऑर्किड हे मेलेलं झाड नसतं. ते आपल्याला विकलं जातं बुकेसारखं, म्हणून आपण ते फेकतोही बुकेसारखं. आणि यात चूक आपली आहे, झाडाची नाही.

हे सांगायचा मला फारसा अधिकार नाही म्हणा, कारण माझं पहिलं झाड मीच मारलंय. सेकंड इयरला, ऑगस्टमध्ये, आईच्या वाढदिवसाला पुण्याहून अकोल्याला जांभळं ऑर्किड घेऊन गेलो होतो. मेसच्या बिलात काटकसर करून घेतलेलं! 'रोज पाणी घाल' असं मोठ्या तोऱ्यात सांगून आलो. आईने ते तुळशीसारखं सांभाळलं, रोज सकाळी तांब्याभर पाणी. दिवाळीला घरी गेलो तर पानं पिवळी पडून लोंबत होती. आई म्हणाली, "माझ्याच हाताला गुण नाही रे." मला काय बोलावं सुचेना. तिच्या हाताचा काहीच दोष नव्हता. त्या चकचकीत कुंडीला खाली भोकच नव्हतं, आणि ते बघायची अक्कल भावी इंजिनिअरला नव्हती!

बाजारात जे सर्रास मिळतं ते फॅलेनॉप्सिस. नावाचा अर्थ पतंगासारखं दिसणारं (संक्रांतीचा पतंग नव्हे, दिव्याभोवती फिरतो तो). मूळचं आग्नेय आशियातल्या जंगलांतलं. तिथे ते मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतं. बांडगुळासारखं फांदीतलं काही शोषत नाही, फक्त मुक्कामाला असतं. त्याची मुळं उघड्यावर असतात, पावसात भिजतात आणि वाऱ्याने सुकतात. त्या मुळांवर स्पंजासारखा थर असतो. कोरडा असताना तो रुपेरी दिसतो, भिजला की हिरवा. म्हणजे फुकटचा इंडिकेटरच की! मुळं रुपेरी झाली की पाणी द्यायचं, हिरवी असताना हात लावायचा नाही. आणखी एक गंमत म्हणजे हे झाड पानांची छिद्रं दिवसा मिटून ठेवतं आणि कार्बन डायऑक्साइड मुख्यतः रात्री आत घेतं. हॉस्टेललाच साजेसं.

असं झाड बिनभोकाच्या कुंडीत, चिखलासारख्या ओल्या शेवाळात बसवलं की ते तहानेने नाही, गुदमरून मरतं. मुळं कुजली की पानं सुरकुततात. पानं सुरकुतली म्हणून आपण आणखी पाणी ओततो...

मग हे इतकं स्वस्त कसं मिळतं? ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि त्यात रोपासाठी शिदोरी नसते. निसर्गात ते रुजायला बुरशीची मदत लागते. १९२२ साली लुईस नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं. १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी शेंड्याच्या पेशींपासून एका ऑर्किडची हुबेहूब रोपं करण्याची पद्धत मांडली. पुढे तैवान आणि नेदरलँड्समध्ये अक्षरशः ऑर्किडचे कारखाने उभे राहिले. तरीसुद्धा काचेच्या बाटलीतून बाहेर काढलेलं रोप फुलायला साधारण दोन वर्षं लागतात. दोन वर्षं वाढवलेलं झाड आपण दोन महिन्यांत फेकतो!

तर त्या चार कुंड्या मी रूमवर आणल्या. रूम पार्टनर म्हणाला, "अरे, नर्सरी उघडतोस की काय?" झाडं बाहेर काढली तर मुळांच्या मध्यभागी शेवाळाचा घट्ट गोळा, बाहेरून कोरडा आणि आत पचपचीत. हा गोळा प्रत्येकाने आणल्या आणल्या तपासावा. दाबून टणक लागलेली मुळं ठेवली. जी मऊ होती, ज्यांची साल निघून हातात नुसता दोरा येत होता, ती ब्लेड मेणबत्तीवर तापवून कापून टाकली. एका झाडाचं एकही मूळ उरलं नाही. ते गेलंच. दुसऱ्याच्या शेंड्यात, पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचून राहिलं आणि तेही सडलं. ती चूक माझी.

उरली दोन. त्यांच्यासाठी कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या अर्ध्यात कापल्या आणि ई अँड टीसीवाल्या मित्राच्या सोल्डरिंग आयर्नने त्यांना खाली नि कडेला भोकं पाडली. त्या आयर्नचा चार वर्षांतला हा सर्वांत चांगला उपयोग, असं माझं मत आहे! पारदर्शक बाटलीत मुळांचा रंग दिसतो, आणि या मुळांना उजेड चालतो. आत लोणारी कोळशाचे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरले. सोडण आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून ठेवलं होतं. पाणी म्हणजे बादलीत दहा मिनिटं बुडवायचं आणि पूर्ण निथळू द्यायचं. मे महिन्यात चौथ्या दिवशी, थंडीत आठ-दहा दिवसांनी. बोअरचं पाणी जड असतं, मुळांवर क्षार बसतात. पावसाळ्यात गच्चीवर बादली ठेवली की प्रश्न मिटला. पंधरा दिवसांतून एकदा लिटरला अर्धा ग्रॅम १९:१९:१९, जे कुठल्याही खताच्या दुकानात मिळतं. जागा पूर्वेच्या खिडकीत. दुपारचं ऊन मात्र नको, पानं भाजतात.

कचऱ्यात मिळण्याची वाट बघायची गरज नाही. नर्सरीत मागच्या बाजूला फुलं गेलेली झाडं बहुधा पडून असतात, ती मागा. मला एक ऐंशी रुपयांना मिळालं. फुलं न बघता पानं ताठ आहेत का, शेंडा हिरवा आहे का, एवढंच बघा. आणि ते निळंशार ऑर्किड घेऊ नका राव! तो दांड्यातून चढवलेला रंग असतो, पुढच्या वर्षी पांढरं फुलतं.

दुसरी एक गोष्ट जरा रागाने लिहितो. पावसाळी ट्रेकवरून आपलीच काही मंडळी झाडावरची सीतेची वेणी उपटून आणतात. रूममध्ये ती टिकत नाही, आणि तिकडे त्या फांदीवर परत कधी उगवेल सांगता येत नाही. हौस असेल तर प्रयोगशाळेत वाढलेलं, ऐंशी रुपयांचं आणा. त्याच्यावर चुका करा.

मित्र विचारतो, "एवढ्या उपद्व्यापात नवीन नाही का येणार?" येईल की. हिशोब लावला तर मी तोट्यात आहे. चारातली दोन मेली, आठ महिने गेले, एका पी.एल.मध्ये अभ्यास सोडून मुळं मोजत बसलो. पण नोव्हेंबरात पार्टनरच्या शिव्या खाऊन रात्री खिडकी उघडी ठेवली, कारण काही आठवडे हवा २५ अंशांच्या खाली राहिली की याला दांडा फुटतो. डिसेंबरात पानाच्या बेचक्यातून हिरवं टोक आलं. मूळ आहे की दांडा, यावर रूममध्ये पैज लागली. मुळाचं टोक गोल असतं, याचं चपटं होतं. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "जास्त पाणी घालू नकोस हं!"

कार्यक्रम समितीला एक विनंती. पाहुण्यांसाठी कुंड्या जरूर आणा, पण फुलं गळली की त्या हॉस्टेल ऑफिसबाहेर ठेवा. नेणारे नेतील. बिनभोकाच्या कुंड्या तेवढ्या घेऊ नका.

मे महिन्यात मी पास आउट होणार (बॅक लागला नाही तर!). अकोल्याच्या उन्हाळ्यात ही झाडं न्यायची हिंमत नाही. दांडा आलेलं वॉचमन काकांनी आधीच मागून ठेवलंय. "पोरीला दाखवतो," म्हणाले. दुसऱ्याला यंदा फक्त एक नवीन पान आलंय, त्यामुळे ते अजून कोणी मागितलेलं नाही. बाटलीसकट देईन.