माहिती होती, पण कोणापाशी?

दहशतवादी हल्ला झाला की गुप्तवार्ता यंत्रणा झोपल्या होत्या, असा आरोप हमखास होतो. बारकाईने पाहिल्यास अनेकदा वेगळेच चित्र दिसते. यंत्रणा जाग्या असतात. पण प्रत्येक यंत्रणा आपल्या खोलीचे दार लावून जागी असते.

११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेवरील हल्ल्याचेच पाहावे. विमान-अपहरणकर्त्यांपैकी मिहधार व हाजमी हे दोघे जानेवारी २००० मध्ये क्वालालंपूर येथील अल-कायदाच्या बैठकीस हजर होते. मिहधारजवळ अमेरिकेचा व्हिसा असल्याचे ‘सीआयए’ला त्याच वेळी कळले होते, हाजमी लॉस एंजेलिसला पोहोचल्याचे मार्चमध्ये कळले. तरीही दोघांची नावे संशयितांच्या यादीत जाण्यास ऑगस्ट २००१ उजाडावा लागला. तोवर फार उशीर झाला होता. चौकशी आयोगाने २००४ च्या अहवालात या उणिवेवर नेमके बोट ठेवले.

मुंबईचा अनुभव याहून फारसा निराळा नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी सागरी मार्गाने शहरात शिरले आणि १६६ जणांचा बळी गेला. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, मोठ्या हॉटेलांना धोका आहे, असे इशारे आधी आले होते. परंतु सागरी राखणीची जबाबदारी नौदल, तटरक्षक दल व राज्य पोलीस यांच्यात विभागलेली होती. कारगिल युद्धानंतरच्या शिफारशींनुसार २००१ मध्ये ‘मल्टी एजन्सी सेंटर’ स्थापन झाले होते खरे. पण माहितीची देवघेव बंधनकारक करणारा आदेश निघाला ३१ डिसेंबर २००८ रोजी, हल्ल्यानंतर पाच आठवड्यांनी!

माहिती दुसऱ्यास दिल्याने आपल्याजवळची कमी होत नाही. मग ती दडवली का जाते? उत्तर नफ्यातोट्याच्या हिशेबात आहे. माहिती फुटली वा खबऱ्या उघडा पडला, तर दोष देणाऱ्याचा; तिचा उपयोग झाला, तर श्रेय घेणाऱ्याचे. शिवाय टळलेला हल्ला कोणाच्याच खाती जमा होत नाही. अशा व्यवस्थेत मौन बाळगणे हाच शहाणपणा ठरतो. याचे दुसरे टोक म्हणजे मोघम इशाऱ्यांचा पाऊस. इशारा धाडला की धाडणाऱ्याची सुटका होते. त्यातला खरा कोणता, हे ओळखण्याचे ओझे मात्र पोलीस ठाण्यावर पडते.

म्हणून केवळ नवी संस्था काढून हा प्रश्न सुटणार नाही. २०१२ मध्ये राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राची योजना राज्यांच्या विरोधामुळे बारगळली. पोलीस हा राज्यांचा विषय असताना गुप्तवार्ता विभागाच्या अधिपत्याखालील केंद्रास अटकेचे अधिकार देण्यास राज्यांनी हरकत घेतली, ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. गरज आहे ती हिशेबाची: माहिती कोणी दिली, कोणास मिळाली, तिच्यावर काय कारवाई झाली आणि ते देणाऱ्यास कळविले गेले का, याची नोंद व्हावयास हवी. ही नोंद तपासणारा बाहेरचा डोळाही हवा. आपल्या प्रमुख गुप्तवार्ता संस्था संसदेच्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेल्या नाहीत आणि त्यांच्यावर देखरेख करणारी संसदीय समितीही नाही.

खबऱ्याचे नाव गुप्त राहिलेच पाहिजे. परंतु चुकांवरही गुप्ततेचेच पांघरूण घातले गेले, तर त्या चुकांची किंमत रेल्वे स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या सामान्य माणसालाच मोजावी लागते.