कमरपट्ट्याचा हिशेब



या वेळी एका लहानशा वस्तूविषयी लिहीत आहे. ती म्हणजे कमरेचा चामडी पट्टा. आपल्या मासिकात चामड्याचा विषय पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे मी जाणतो. ती आठी योग्यच आहे. किंबहुना, त्या आठीविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

बँकेतून निवृत्त झालो त्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेल्या भेटींत हा पट्टा होता. प्रेमाने दिलेली भेट परत करणे जमले नाही. घरात आली म्हणून वापरली, आणि वापरात आली म्हणून सवयीची झाली. मंदिरात जाताना पट्टा काढून ठेवावयाचा आणि परत आल्यावर पुन्हा कमरेला बांधावयाचा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. त्यात काही विसंगत आहे, हे मनाला कधी टोचले नाही.

गेल्या वर्षी मधुमेहाचे निदान झाले. आहारावर नियंत्रण आणि रोजचे चालणे यांमुळे कंबर 38 इंचांवरून 34 वर आली. पट्टा शेवटच्या भोकातही सैल पडू लागला. प्रथम मी तेच केले जे बहुतेक घरांत होते : खिळा आणि हातोडी घेऊन एक नवे भोक पाडले. महिनाभरात त्या भोकाच्या कडा फाटल्या, शिवाय पट्ट्याचे लांबलचक टोक पाठीकडे वळू लागले. सौभाग्यवती म्हणाल्या, "आता नवीन घेऊन टाका." नवे चामडे विकत घ्यावयाचे नाही, एवढे तर मनाशी पक्के होते. मागे एक कृत्रिम पट्टा घेतला होता, त्याचे दोन वर्षांत पापुद्रे सुटले आणि तो कचऱ्यात गेला. म्हणून आहे तोच पट्टा घरी आखूड करण्याचे ठरविले.

ज्यांच्या घरी जुना पट्टा आहे, त्यांच्यासाठी ही रीत सांगतो. चामडी असो वा कृत्रिम, हिशेब एकच आहे.

पट्ट्याला सामान्यतः पाच भोके असतात आणि दोन भोकांत सुमारे एक इंचाचे अंतर असते. योग्य मापाचा पट्टा मधल्या, म्हणजे तिसऱ्या भोकात बसावा. पुढची दोन आणि मागची दोन भोके शरीराच्या चढउतारासाठी राखीव असतात. व्यापारी भाषेत ती गंगाजळीच होय. माझे खिळ्याने पाडलेले भोक पाचव्या भोकापासून दोन इंच आत होते, आणि पाचवे भोक तिसऱ्यापासून दोन इंच. म्हणजे पट्टा चार इंच आखूड व्हावयास हवा होता.

ही लांबी टोकाकडून कापू नये. तेथे पट्ट्याला आकार दिलेला असतो आणि भोकेही तेथेच असतात. कापावयाचे ते बकलाच्या बाजूने. मात्र कात्री चालविण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. जेवढे कापावयाचे तेवढे बकलाजवळ दुमडून चिमट्याने पक्के करावे आणि दिवसभर पट्टा वापरावा. उभे राहावे, पाटावर बसावे, जेवण करावे. माझ्या ध्यानात आले की जेवून बसल्यावर चार इंचांचे माप काचते. म्हणून साडेतीन इंचच कापावयाचे ठरविले. उरलेला अर्धा इंच पुढे कधीही कापता येतो, पण कापलेला परत जोडता येत नाही.

बकलाजवळ पट्टा दुमडलेला असतो आणि ती घडी दोन स्क्रूंनी, दाबबटणांनी किंवा शिलाईने धरलेली असते. माझ्या पट्ट्याला स्क्रू होते. ते सोडवून बकल आणि टोक अडकविण्याची कडी वेगळी केली. लाकडी फळीवर पट्टा ठेवून, गुन्याने सरळ रेघ मारून, धारदार पात्याने एका दमात साडेतीन इंचांचा तुकडा कापला. हा तुकडा लगेच टाकून देऊ नये, कारण पुढच्या कामाचा नमुना तोच आहे. तो पट्ट्याच्या नव्या टोकावर कडेला कड जुळवून ठेवावा आणि त्यातील भोकांतून पेन्सिलीने खुणा कराव्यात. म्हणजे स्क्रूंची भोके आणि बकलाच्या काडीसाठी असलेली लांबट खाच, दोन्ही जागच्या जागी येतात. खाच करताना तिच्या दोन टोकांना दोन गोल भोके पाडावीत आणि मधला भाग पात्याने कापावा. गोल भोकांमुळे खाच पुढे चिरत जात नाही. भोकांसाठी खिळा नको. हार्डवेअरच्या दुकानात भोके पाडण्याचा पंच मिळतो. खिळा चामडे फाडतो, पंच त्याचा गोल तुकडा स्वच्छ काढून घेतो.

येथवर सर्व नीट झाले. पण घडी बसेना. कारखान्यात घडीची जागा आतून तासून पातळ केलेली असते, हे मला ठाऊक नव्हते. माझ्या पात्याने ते साधले नाही. शेवटी पट्टा घेऊन बाजारपेठेच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या चर्मकार बंधूंकडे गेलो. त्यांनी रापीने दोन मिनिटांत ती जागा अशी तासली की बोट फिरवून पाहत राहावे. मग पट्टा माझ्या हाती देताना त्यांनी सहज विचारले, "साहेब, तुमच्यात चामडं चालत नाही ना?"

त्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्यामुळे उत्तर देणे अधिकच कठीण झाले. "जुना आहे," एवढेच मी बोललो, त्यांचे पैसे दिले आणि घरी आलो. घडी आता चपखल बसली, स्क्रू आवळले, पट्टा तिसऱ्या भोकात बरोबर आला. तरीही तो प्रश्न मनातून जाईना.

उपासकदशांगसूत्रातील आनंद श्रावकाची कथा आपण ऐकलेली आहे. त्याने कोट्यवधी सुवर्णमुद्रांची आणि हजारो गाईंची मर्यादा केली, तशीच अंग पुसण्याच्या वस्त्राची आणि दातवणाचीही केली. म्हणजे व्रताच्या दृष्टीने कोणतीही वस्तू क्षुल्लक नाही. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य येते, आणि हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ सांगताना दात, केस, नखे, हाडे यांबरोबर कातडीही घेतली आहे. आपल्या पूर्वजांनी हा व्यापार केला नाही, याचा आपल्याला अभिमान आहे. पण जे गल्ल्यावर विकावयाचे नाही ते कमरेला बांधावयाचे, आणि मंदिराच्या दारापुरते तेवढे काढावयाचे, हा ताळेबंद जुळत नाही.

पट्टा जुना आहे, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. हिंसा केलेली, करविलेली आणि अनुमोदिलेली, अशी तिन्ही प्रकारे दोषास्पद मानली आहे. भेट आनंदाने स्वीकारली तेव्हा अनुमोदना झालीच. पट्टा आखूड केल्याने ती खोडली जात नाही. जुने कर्ज आहे तसेच खात्यावर राहते. नवे काढावयाचे नाही, एवढेच आपल्या हाती असते. काही श्रावक अशी वस्तू त्याच दिवशी त्यागतात, त्यांना माझे वंदन. मी मात्र हा पट्टा झिजेपर्यंत वापरून संपविण्याचे ठरविले आहे. "काय छान लेदर आहे!" असे कोणी म्हणाले, तर त्याला दुजोरा द्यावयाचा नाही, हेही ठरविले. आणि यापुढे चामड्याची भेट आली, तर कारण सांगून नम्रपणे परत करावयाची. हे धैर्य निवृत्तीच्या दिवशी दाखविले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता.

आणखी एक गोष्ट. चामडे वर्ज्य मानता मानता, चामड्याचे काम करणाऱ्या माणसापासूनही आपण नकळत दूर राहिलो. वस्तूचा त्याग हे व्रत आहे. माणसाचा दुरावा हे व्रत नव्हे, तो मानकषाय आहे. माझ्या आयुष्यातील एक विसंगती ज्यांनी एका वाक्यात दाखविली, ते कोपऱ्यावर बसणारे ते बंधूच होते. आता फिरावयास जाताना त्यांच्यापाशी मी दोन मिनिटे थांबतो.

नवा पट्टा घेणाऱ्यांसाठी थोडे. केवळ चिठ्ठी वाचून समाधान मानू नये. 'बाँडेड लेदर' हे कृत्रिम नसते, त्यात चामड्याचाच चुरा असतो. पट्ट्याची कापलेली कड आणि मागील बाजू पाहावी. चामड्याच्या कडेला बारीक तंतू दिसतात, तर कृत्रिम पट्ट्यात बहुधा कापडी अस्तर आणि त्यावरचा लेप वेगळा ओळखू येतो. सर्वांत निर्दोष म्हणजे सुती नवारीचा पट्टा. बाजारातून नवार आणावी आणि जुन्या पट्ट्याचे बकल तिला शिवून घ्यावे. माझा पट्टा संपेल तेव्हा त्याचे बकल असेच नवारीवर जाणार आहे.

कापलेला साडेतीन इंचांचा तुकडा मी हिशेबाच्या वहीत ठेवला आहे. रोजचा खर्च लिहिताना तो दिसतो, आणि दिसावा अशीच इच्छा आहे.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.