टॅपेट जुने, शाफ्ट नवा, आणि भुर्दंड आमचा



मिरजगाव परिसरात रब्बी ज्वारीची पेरणी कशी असते हे तुम्हाला सांगायला नको. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा महिना, त्यात उत्तरा-हस्ताचा एखादा पाऊस आणि वाफसा टिकेल तेवढे चार-सहा दिवस. त्या दिवसांत ज्याचा ट्रॅक्टर बंद, त्याचे वर्ष बंद. दाणा जातो, कडबा जातो आणि दावणीची जनावरे बाजाराची वाट धरतात.

आमच्या बैठकीतल्या एका भावाचा ट्रॅक्टर असाच ऐन पेरणीत बसला. इंजिनकाम होऊन महिनाही झाला नव्हता. खोलून पाहिले तर कॅमशाफ्टचे एक नाक निम्मे खाल्लेले, त्यावरच्या टॅपेटचा तळ बशीसारखा खोलगट, आणि झिजलेल्या लोखंडाचा चुरा ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत पोचलेला. शाफ्ट नवा घातला होता, टॅपेट जुनेच ठेवले होते. बिलावर 'इंजिन सामान' एवढे दोनच शब्द. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, "तुम्ही लोक गाडी रगडता."

वा! कापसाला बोंडअळी लागली तरी चूक शेतकऱ्याची, भाव पडला तरी चूक शेतकऱ्याची, आणि मिस्त्रीने जुने टॅपेट घातले तरी चूक शेतकऱ्याचीच!

यात गूढ काहीच नाही. आपल्या घरातले जाते आठवा. दोन्ही पाळ्या एकमेकींना घासून बसलेल्या असतात. कॅमचे नाक आणि टॅपेटचा तळ यांची जोडी तशीच आहे. टॅपेटचा तळ सपाट दिसतो, पण बहुतेक इंजिनांत तो किंचित फुगीर असतो. त्यामुळे तो दर उचलीला थोडा फिरतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. तळ खोलगट झाला की फिरणे थांबते, एकाच जागी घासणे सुरू होते, आणि नवा शाफ्ट काही दिवसांत संपतो. म्हणून नव्या शाफ्टवर जुना टॅपेट कधीही घालायचा नाही. जुना शाफ्ट चांगला असेल आणि जुनेच टॅपेट ठेवायचे असतील, तर खोलतानाच त्यांना नंबर टाका. ज्याचे घर त्याचे त्यालाच.

बसवतानाही हीच शिस्त. ब्लॉक धुऊन ऑइलच्या वाटा हवेने मोकळ्या करायच्या. बुशांना इंजिन ऑइल लावायचे, नाकांना आणि टॅपेटच्या तळाला जोडणीचे खास घट्ट वंगण चोपडायचे. ज्या टॅपेटचा तळ छत्रीसारखा रुंद असतो, ते वरून जात नाहीत. तिथे ब्लॉक उलटा करून आधी टॅपेट आणि मग शाफ्ट. शाफ्ट फिरवत, सावकाश सरकवायचा. नाक बुशाला लागले की ओरखडा पडलाच. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, म्हणून टायमिंग गिअरच्या खुणा समोरासमोर हव्यात. दात चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतो. शेवटी व्हॉल्व्हचे अंतर कंपनीच्या पुस्तकातल्या मापाने, गेज घालून धरायचे. नवी जोडी बसवल्यावर ट्रॅक्टर पहिली वीसेक मिनिटे मंद सोडू नका. फेरे थोडे चढे ठेवा, म्हणजे ऑइल उडून नाकांपर्यंत पोचते.

एवढे ज्ञान आपल्यापासून लपवून ठेवावे, असे त्यात काय आहे? जमिनीची ओल मुठीत माती दाबून ओळखणाऱ्याला टॅपेटचा तळ बोटाने ओळखता येणार नाही? "शेतकऱ्याने इंजिनला हात लावू नये," असे सांगणाऱ्यांना आमच्या इंजिनाची काळजी नाही, त्यांच्या गिऱ्हाइकाची आहे.

पण आपलीही कानउघाडणी करू. "जुनेच घाल, चालतंय तोवर चालू दे," असे मिस्त्रीला सांगणारे आपल्यातच आहेत. टॅपेटचे पैसे वाचवून शाफ्ट गमावणे ही काटकसर नव्हे. चैत्र-वैशाखात ट्रॅक्टर उभा असतो तेव्हा काम काढायचे नाही आणि भाद्रपदात धावपळ करायची, हाही दोष आपलाच.

पुढचे संकट मोठे आहे. 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. धूर कमी व्हावा याला आमचा विरोध नाही. पण त्यासाठी जी इलेक्ट्रॉनिक इंजिने आली, त्यांचा दोष पाहायला पान्याबरोबर स्कॅनरही लागतो, आणि तो गावच्या मिस्त्रीकडे नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेती अवजारेही आहेत. त्याच वर्षी 24 डिसेंबरला संकेतस्थळही सुरू झाले. पण संकेतस्थळाने पेरणी होत नाही! अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने 2023 साली कायदाच केला, आणि 1 जानेवारी 2024 पासून तिथे शेतीयंत्राच्या कंपनीला दुरुस्तीची माहिती, हत्यारे आणि सुटे भाग शेतकऱ्याला देणे भाग पडले. तिथल्या शेतकऱ्याला जो हक्क मिळतो, तो कर्जत तालुक्यातल्या शेतकऱ्याने का मागू नये?

आमच्या मागण्या सरळ आहेत. प्रत्येक यंत्राबरोबर मराठीत दुरुस्तीचे पुस्तक द्या. बिलावर प्रत्येक सुटा भाग नावाने लिहा. काढलेले जुने भाग मालकाच्या पोत्यात घाला. स्कॅनर आणि त्याची माहिती गावच्या मिस्त्रीलाही रास्त दरात मिळू द्या.

आणि मागणी मान्य होईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचे नाही. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या इंजिनाचे झिजलेले टॅपेट खिशात घालून या. सतरंजीवर मांडू, तळ एकमेकांना दाखवू, आणि कुणाच्या मिस्त्रीने काय घातले ते उघड्यावर वाचू. ज्याला आपल्या इंजिनातले कळते, त्याला फसवणे अवघड असते.