गिरणगावातील खोल्या कोणी विकायला काढल्या?

लालबाग-परळचा विषय निघाला की ‘मराठी माणसाने आपण होऊन खोल्या विकल्या’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ते उच्चारणाऱ्यांची स्वतःची घरे बहुधा दादर-पार्ल्यात शाबूत असतात, हे सोडून देऊ. एखाद्याने घर विकले तर कारण त्याच्या स्वभावात शोधता येईल. परंतु एकाच चाळीतील खोल्यांमागून खोल्या विक्रीस निघतात, तेव्हा त्या सर्वांना एकाच वेळी लोभाची बाधा झाली असे मानायचे काय?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पगार थांबला, गावची मनिऑर्डर थांबली, वाण्याची उधारी चढत गेली. दागिने आणि भांडी मोडून झाल्यावर उरली ती दहा बाय बाराची खोली. मध्यमवर्गीयाला अशा वेळी घर तारण ठेवता येते. कामगाराची खोली पागडीची. ती त्याच्या मालकीची नसल्याने तिच्यावर बँकेचे कर्ज मिळणे नव्हते. शिवाय १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडी घेणे हा गुन्हा ठरवलेला. म्हणजे खोली विकायची तीही चोरून, रोखीने, दलालाच्या शब्दावर, घरमालकाचा वाटा काढून देऊन. आणि शेजारचाही त्याच अडचणीत असताना! अशा बाजारात भाव जागेचा ठरत नाही, विकणाऱ्याच्या निकडीचा ठरतो. १९९९ च्या कायद्याने पागडीला मान्यता दिली, तोवर पुष्कळांचे सौदे उरकले होते.

निकड नव्हती त्यांच्याही घरात वाटणीचा प्रश्न होताच. तीन भावांत एक खोली वाटता येत नाही. विकून पैसेच वाटावे लागतात आणि त्या पैशांत डोंबिवली किंवा विरारच गाठता येते. शिवाय गिरणगावात राहण्याचे कारण गिरणी. भोंगा बंद झाला, खाणावळी ओस पडल्या, गावकीच्या खोल्यांत नवी पोरे येईनाशी झाली. मागे राहणाऱ्यास तेथे धरून ठेवणारे काय उरले होते?

आता दुसरी बाजू पाहावी. गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन त्याच वस्तीच्या मधोमध होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने पुनर्विकासासाठी तिचे तीन वाटे सांगितले होते: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली शासनाने दुरुस्ती करून हे वाटे फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीचेच होतील असे ठरवले, आणि गिरण्यांच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ही दुरुस्ती ग्राह्य धरली. कामगाराने अडचणीत आपली खोली विकली तो नादान, आणि मालकाने सवलतीने मिळालेली जमीन विकली तो उद्योजक, हे कोणते अर्थशास्त्र?

संपाच्या काळात एखाद्या सरकारी महामंडळाने त्या खोल्यांवर अल्प व्याजाने कर्ज दिले असते, तरी कितीतरी कुटुंबे तगली असती. तसे काही झाले नाही. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघायला २०१२ साल उजाडले. पुढे उरलेल्या वारसांसमोर सरकारने घरे ठेवली ती बदलापूरच्याही पलीकडे, वांगणी आणि शेलू येथे. ती नाकारून वारस मुंबईतच घर मागतात, तेव्हा त्यांनाही लोभीच म्हटले जाते.