ऐकलेली जुनी गोष्ट

गेल्या वैशाखांत आम्ही शहापुरास मावशींकडे चार दिवस मुक्कामास होतों. मावशींनीं ऐंशी ओलांडली असून काचबिंदूमुळें त्यांचें वाचन दोन वर्षांपूर्वीं सर्वस्वीं सुटलें. ज्यांनीं उशाशीं पुस्तक घेतल्यावांचून कधीं दिवा मालवला नाहीं, त्यांना रिकाम्या हातांनीं ओटीवर बसलेल्या पाहणें आम्हांस जड गेलें.

एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुरबाडहून आलेल्या आमच्या भाच्यानें मोबाइल ओटीवर मधोमध ठेवला आणि हरि नारायण आपटे यांची 'काळ तर मोठा कठीण आला' ही दुष्काळावरील गोष्ट लावली. "मला नको रे तें यंत्र," मावशी म्हणाल्या, "यंत्राला का गोष्टींतलें दुःख कळतें?" तथापि वाचणाऱ्याचा आवाज संथ होता, उच्चार स्वच्छ होते. हळूहळू त्या सावरून बसल्या. मध्येंच त्यांनीं हात वर केला. "थांबव जरा. सासूबाईंना वाचून दाखवतांना मी इथेंच थांबत असें. पुढचें एकदम वाचवत नसे." भाच्यानें थांबविलें. थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं. मग त्यांनींच पुढें चालविण्याची खूण केली.

इतक्यांत आमचें लक्ष दाराकडे गेलें. भांडीं घासून झालीं तरी कामाला येणारी बाई घरीं गेली नव्हती. उंबऱ्याशीं टेकून ऐकत होती. तिला अक्षरओळख नाहीं. तिच्या पाड्यावर उन्हाळ्यांत टँकर येईल तेव्हांच पाणी. आणि याच तालुक्यांतील तानसा व भातसा यांचें पाणी मुंबईस जातें! "आंत ये, इथें बैस," मावशी म्हणाल्या. गोष्ट संपल्यावर त्या बाईनें एवढेंच विचारलें, "हे लिवणाऱ्याला कसं ठावं?"

हा प्रश्न आमच्या मनास चटका लावून गेला. हरिभाऊंनीं १८९० सालीं 'करमणूक' काढलें, १९१९ सालीं ते वारले. त्यांच्या लेखनाचा अभ्यास शाळा-कॉलेजांतून आजवर होत आला. परंतु ज्यांच्या हालांची ही कथा, त्यांच्यापैकीं एकीच्या कानीं ती शंभर वर्षांनंतर प्रथम पडत होती.

ऐकणें म्हणजे वाचनाचा आळस, असा आक्षेप सुशिक्षित घरांतून घेतला जातो. वस्तुतः श्रीधराचे 'पांडवप्रताप' व 'हरिविजय' आपल्या बहुतेक आज्या-पणज्यांनीं ऐकलेच. एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ सिद्ध केला आणि पुढच्याच वर्षीं त्याच्या उपयोगांत अंधांसाठीं बोलणारीं पुस्तकें गणलीं. इंग्लंडांत १९३५ पासून तशीं पुस्तकें तबकड्यांवर मिळूं लागलीं. 'स्टोरीटेल' या स्वीडनच्या कंपनीनें २०१७ सालीं भारतांत मराठी पुस्तकें ऐकविण्यास आरंभ केला. साधनाला दोष देण्याचें कारण नाहीं. दोष असलाच तर तो एवढाच, कीं आपण कानांत बोंडें घालून एकेकटे ऐकतों. पोथीला सारें घर एकत्र बसे, आणि वाचणाराचा कंठ दाटला कीं सारेंच घर थांबे. यंत्र आपण होऊन थांबत नाहीं. त्यास थांबवावें लागतें, आणि कोठें थांबवावें हें कळण्यास जवळ माणूस असावें लागतें.

म्हणून वाचकांस आमची विनंति आहे, कीं आठवड्यांतून एक रात्र तरी यंत्र ओटीवर ठेवावें, आणि घरांत ज्यांना वाचतां येत नाहीं अथवा आतां वाचवत नाहीं, त्यांच्याजवळ बसून ऐकावें.

मावशींकडे तो क्रम दर शनिवारीं चालूं आहे. कामाची बाई आतां आपल्या चौथींतल्या मुलीलाहि घेऊन येते. परवां वीज गेली व मोबाइलहि बंद पडला, तेव्हां कपाटांतलें पुस्तक काढून त्या मुलीनें मेणबत्तीपाशीं पुढचा भाग वाचला, असें भाचा कळवितो. फार अडखळत वाचला म्हणे; पण संपेपर्यंत कोणी उठलें नाहीं.