वंशावळी आणि त्यांमागील तंटे

जुन्या घराण्यांचे कुलवृत्तांत छापण्याची हौस आपल्याकडे अद्यापि टिकून आहे, याचें आम्हांस समाधानच वाटतें. परंतु या ग्रंथांतून एक खोड इतकी रुजली आहे कीं, तिजविषयीं स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. वतनाच्या तंट्यांत अथवा इनामाच्या चौकशींत दाखल झालेली वंशावळ संपादक तेवढी उचलतात, तिच्या भोंवतालचा वाद दप्तरांतच ठेवतात, आणि सरकारी कागदांत सांपडली एवढ्यावरून ती निर्विवाद सत्य असल्याचें वाचकांस भासवितात.

ही वंशावळ कशासाठीं लिहिली गेली, हें तरी पाहावें. १८५२ च्या ११ व्या कायद्यान्वयें मुंबई इलाख्यांत इनाम कमिशननें इनामदारांचे हक्क तपासले. इनाम वंशपरंपरा चालण्याची त्यांतील एक कसोटी अशी कीं, इंग्रजी अंमलापूर्वीं ६० वर्षें अखंड भोगवटा असावा आणि जमीन मूळ इनामदाराच्या पुरुषवंशांतील नातवाकडे किंवा त्या नातवाच्या औरस पुरुषवारसाकडे आलेली असावी. ज्याचें पोट त्या जमिनीवर, तो कैफियत लिहितांना लेकीसुनांचीं नांवें कशास मांडील? अशा कागदांत घराण्याचा हक्क वाचावयास मिळतो. घराणें त्याहून पुष्कळ मोठें असतें.

न्यायशास्त्र याबाबत अधिक सावध आहे. मृत मनुष्याचें नात्याविषयींचें विधान पुराव्यांत घेतांना, तें वाद उपस्थित होण्यापूर्वीं केलेलें असावें, अशी अट १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें घातली. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेंही ती राखली आहे. दाव्यासाठीं रचलेल्या वंशावळीकडे न्यायाधीशानें संशयानें पाहावें आणि इतिहासलेखकानें तीच देव्हाऱ्यांत बसवावी, यापरतें आश्चर्य कोणतें?

यावर कोणी म्हणतील, स्त्रियांचीं नांवें जुन्या कागदांत नाहींतच, तर संपादकांनीं तीं आणावीं कोठून? आमचें उत्तर असें कीं, वंशावळींत गाळलेलीं हीं नांवें वादाच्या कागदांत भेटतात. अन्नवस्त्रासाठीं दाद मागणारी विधवा आणि दत्तकास हरकत घेणारी सासू तेथेंच बोलतात. पुण्याच्या बाबा महाराजांचें प्रकरण सर्वांस ठाऊक आहे. ते १८९७ सालीं मृत्युपत्र करून वारले. १९०१ सालच्या दोन दत्तविधानांवरून तंटा माजला. तो प्रिव्ही कौन्सिलांत १९१५ सालीं मिटला. निकालाप्रमाणें वंशवृक्ष काढला तर बाबा महाराज आणि जगन्नाथ महाराज यांमध्यें एक रेघ पुरते. ज्या ताई महाराजांच्या इच्छेवर सारा खटला उभा होता आणि ज्या निकालापूर्वींच, १९०३ सालीं, निवर्तल्या, त्यांस त्या रेघेंत जागा नाहीं. त्यांचें म्हणणें शोधावयाचें तर खटल्याच्याच कागदांकडे वळावें लागतें.

म्हणून आमचें मागणें थोडें, पण निश्चित आहे. वंशावळ छापावयाची तर ती कोणीं, केव्हां व कोणत्या दाव्यांत दाखल केली, प्रतिपक्षानें तिच्यांतील कोणतें नातें नाकारलें आणि निकाल काय झाला, हें तिच्याच शेजारीं छापावें. कागदांत आलेली प्रत्येक स्त्री तिच्या नांवानिशीं वृक्षांत घ्यावी. हिंदु वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनें मुलीस जन्मतःच एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलाबरोबरीचा हक्क दिला. त्यानंतरही इनाम कमिशनच्या कसोटीनें आपल्या आज्या-पणज्या गाळीत बसणाऱ्या ग्रंथांस कुलवृत्तांत हें नांव आम्ही देणार नाहीं.